धान घरात, बैल पटात

धानाची चुरणी आटोपली, पोती खरेदी केंद्राच्या रांगेत जाऊन पडली आणि धान उभं असतानाच बांधीत फेकलेली लाखोरी आपली आपण हिरवी झाली, की कटंगीच्या माणसाला काम उरत नाही. आता काम नसलेला माणूस घरी सापडेल अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने पौषात कटंगीला यावं आणि एकाला तरी घरी गाठून दाखवावं. ऐन रोवणीत, गुडघाभर चिखलात असताना हाच माणूस दुपारी धुऱ्यावर जेवताना हमखास भेटतो. रिकाम्या दिवसांत मात्र त्याच्या बायकोलाही त्याचा पत्ता नसतो. विचारलं तर ती एवढंच सांगते, "पटाले गेले."

पट म्हणजे शंकरपट. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात त्याचा हा झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाकडचा, चुलतभाऊ. तोंडावळा सारखा असला तरी स्वभाव वेगळा. शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आखलेल्या असतात. एकेका पट्टीवर एकेक जोडी, मागे नावापुरती हलकी गाडी आणि गाडीवर धुरकरी. तो बसलेला असतो की उभा की हवेत, हे नीट पाहायला वेळच मिळत नाही, कारण सगळा मामला काही सेकंदांचा. त्या काही सेकंदांसाठी माणसं पहाटेच्या धुक्यात निघतात, दिवसभर उन्हात उभी राहतात, संध्याकाळी घसा बसवून घेतात आणि रात्री त्याच मैदानाशेजारी नाटकाला बसतात. हिशेब मांडला तर सेकंदाला तासभर खर्च होतो. पण तो हिशेब मांडायला रिकामा वेळ कोणाला आहे?

आम्हा कटंगीकरांची अडचण अशी की आमचा जीव ज्या पटात अडकलेला आहे, तो बराचसा सरहद्दीपलीकडे भरतो. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. मग राज्यांची वाटणी झाली, बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा तिकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेला. वाटणी करणाऱ्यांनी बावनथडी नदी पाहिली, सोयरिकी पाहिल्या नाहीत आणि पट तर नाहीच नाही. त्यामुळे एका घरात मराठी, पोवारी आणि हिंदी अशा तीन भाषांत भांडणारी आमची माणसं थंडीत नाकाडोंगरी ओलांडून गोबरवाही, तुमसर, मोहाडीकडे सरकतात. तिरोडीच्या बाजूने आगगाडीचा रूळही आता जोडला गेला आहे. तो मँगनीजसाठी जोडला असं सरकारला वाटतं.

आमच्या शेजारी एक काकाजी आहेत. त्यांच्याकडे पटाची जोडी आहे. बैलांची नावं बादल आणि तुफान. तुफान स्वभावाने इतका शांत आहे की त्याला उठवायला बादलला आवाज द्यावा लागतो. काकाजींची शेती ट्रॅक्टर नांगरतो, धान हार्वेस्टर कापतो. घरचे नांगराचे बैल केव्हाच विकले गेले. उरले ते हे दोघे. यांनी जन्मात मातीला फाळ लावलेला नाही. सकाळी उडदाची डाळ, कणकेचे गोळे, दूध आणि अंडी असा गंज भरून फराळ या जोडीपुढे जातो. काकाजींचा नातू शाळेत जाताना त्या गंजाकडे ज्या नजरेने पाहतो, ती मी पाहिली आहे. एकदा त्याने आजीला विचारलंही, "मले काहून नाई अंडं?" काकीजी म्हणाल्या, "तू धावतं का?"

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला. तो संगणकावर काम करतो, म्हणजे त्याला बारा महिने हंगाम असतो आणि म्हणून बारा महिने झोप नसते. मामाकडे येऊन चार दिवस पडून राहावं असा त्याचा बेत होता. काकाजींच्या सपरीत बसून पटाच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "काकाजी, तुमचा पट अमेरिकेतही भरतो. तुम्हाला दाखवतो."

त्याने दाखवला तो टुल्सा शहरातला 'चिली बोल'. ओक्लाहोमा राज्यात हे टुल्सा आहे. तिथे 1987 पासून दर जानेवारीत एका भल्यामोठ्या प्रदर्शनाच्या इमारतीत, छताखाली, मिजेट नावाच्या ठेंगण्या मोटारींची शर्यत होते. पहिल्या वर्षी पैसे घालणारी कंपनी खाण्याचे पदार्थ विकत होती, तिचं नाव शर्यतीला चिकटलं ते चिकटलंच. बाहेर थंडी मी म्हणत असते, उघड्यावरची मैदानं बंद, बाकीच्या बहुतेक शर्यती फेब्रुवारीशिवाय सुरू होत नाहीत. म्हणजे त्यांचंही धान घरात आलेलं असतं. मग ही मंडळी ट्रकांनी माती आणून इमारतीत ओततात, पाव मैलाचं वर्तुळ घालतात, त्यावर पाणी मारून रोलर फिरवतात आणि आठवडाभर पळतात. रोवणी सोडून सगळं करतात.

काकाजींनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. पडद्यावर चिखल उडवत, मागचा भाग फेकत, आडव्या आडव्या गाड्या फिरत होत्या.

"हे सरळ काहून नाई चालत?"

"तशीच चालवतात काकाजी. मातीवर वळण घ्यायला गाडी तिरपी टाकावी लागते. आणि नेहमी डावीकडेच वळायचं."

"उजवीकडं?"

"उजवीकडं कधीच नाही."

काकाजींच्या चेहऱ्यावर कीव दिसली. आमचे बैल एकाच दिशेला जातात ही खंत त्यांना बरीच वर्षं होती. ती त्या दिवशी मिटली.

भाच्याने मग माहिती पुरवली. गाडीचं वजन चार-साडेचार क्विंटल, म्हणजे काकाजींच्या जोडीपेक्षाही कमी. ताकद साडेतीनशे घोड्यांच्या आसपास. ही गाडी स्वतःहून सुरू होत नाही, तिला स्टार्टरच नसतो. मागून दुसरी गाडी येऊन तिला ढकलते तेव्हा इंजिन पेटतं. काकाजींनी मोबाइल खाली ठेवला.

"साडेतीनशे घोडे हायेत म्हणतं, अन् ढकलाले दुसरी गाडी?"

"होय."

"मंग आपला तुफान काय वाईट आहे जी?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तुफानलाही सुरुवातीच्या रेषेवर आणायला चार माणसं लागतात. दोन पुढून ओढतात, एक मागून ढकलतो आणि चौथा बाजूला उभा राहून तिघांना शिव्या देतो. हा चौथा म्हणजे आमच्याकडचा तांत्रिक सल्लागार. टुल्सालाही तो असणारच, फक्त त्याच्या कानाला हेडफोन असतात.

मला स्वतःला या दोन जनावरांतलं साम्य फार मोलाचं वाटलं. मिजेट मोटार रस्त्यावर चालवता येत नाही, तीत दुसऱ्याला बसवता येत नाही, तीत भाजीची पिशवी ठेवायलासुद्धा जागा नाही. पटाचा बैल नांगराला चालत नाही, ओझ्याला चालत नाही, पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला चालत नाही. दोघांवर होणारा खर्च मात्र घरातल्या कुठल्याही कामाच्या वस्तूपेक्षा जास्त. जी गोष्ट कुठल्याच कामाची नाही, तिच्यावर माणूस जीव टाकतो. आम्ही घरातले कामाचे प्राणी यावरून काय तो बोध घेतो आणि गप्प राहतो.

बक्षिसाचंही तसंच. चिली बोल जिंकणाऱ्याला कित्येक वर्षं दहा हजार डॉलर मिळत आले. आपल्या हिशेबात रक्कम मोठी वाटेल, पण आठवडाभरात मोडणाऱ्या सुट्या भागांपुढे आणि फाटणाऱ्या टायरांपुढे ती चहापाण्याची. तरीही तीनशेहून जास्त गाड्या येतात. त्यात घरच्या गॅरेजात गाडी जोडणारे हौशी असतात आणि नॅसकारसारख्या कोट्यवधींच्या शर्यतींचे नामवंतही. काइल लार्सन नावाचा नॅसकारचा गडी 2020 मध्ये इथे पहिल्यांदा जिंकला, तेव्हा त्याने नॅसकारची आणि डेटोनाची, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यांत मानाच्या शर्यतीची, जाहीर माफी मागितली आणि सांगितलं की आपण आजवर जिंकलेली सगळ्यांत मोठी शर्यत हीच. टोनी स्टुअर्ट तर त्याच्याही पुढचा. नॅसकारचा तीन वेळचा विजेता, चिली बोलही 2002 आणि 2007 अशी दोनदा जिंकलेला; आणि एवढं झाल्यावर गृहस्थ तिथे मैदानाची माती सारखी करायला यंत्रावर बसू लागला.

हे ऐकून काकाजी पहिल्यांदा सरसावून बसले. कारण ही गोष्ट त्यांना समजली. पटाच्या आदल्या रात्री मैदानावर पाणी मारायला, खडे वेचायला, चुन्याची रेघ सरळ आली का ते एक डोळा मिटून पाहायला जे लोक असतात, ते मजूर नसतात. घरी ग्लासभर पाणी उठून न घेणारे पंचवीस एकरवाले कास्तकार तिथे घमेलं उचलताना दिसतात. त्यांना घरी घमेलं उचलताना पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

काकाजींनी आत जाऊन त्यांचा पितळी गुंड आणला. कुठल्याशा गावच्या पटात तरुणपणी मिळालेला. त्यावर नाव कोरलेलं आहे, त्यात आडनाव चुकलेलं आहे. पुढे त्यांच्या जोड्यांनी रोख रकमा आणल्या, एकदा तर मोटारसायकल घरी आली. मोटारसायकल विकली, रकमेची डाळ बैलांनीच खाल्ली. गुंड राहिला. "हे माझं डेटोना," असं काही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "यात आता हिची चिन्नोरची कणी राहते." चिन्नोर म्हणजे आमच्या बालाघाटचा सुवासिक तांदूळ. त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टुल्साच्या विजेत्याला सोनेरी पुतळ्याची लहान प्रतिकृती देतात. मूळ पुतळा त्या इमारतीसमोरच उभा आहे, पंचाहत्तर फुटांचा तेलविहिरीवरचा कामगार. कणी ठेवायच्या दृष्टीने तो अगदीच निरुपयोगी.

सामन्यांची रचना ऐकून मात्र आम्ही दोघेही चकित झालो. तीनशे गाड्या एकदम पळवता येत नाहीत, म्हणून त्यांचे इंग्रजी अक्षरांनी गट पाडतात. शेवटच्या शनिवारी सकाळी अगदी खालच्या अक्षरापासून सुरुवात होते. त्यातले पहिले काही वरच्या अक्षरात जाऊन पुन्हा पळतात, तिथले आणखी वर, असं करत रात्री 'अ' गटाची शेवटची शर्यत. तत्त्वतः सकाळी तळाशी असलेला गडी रात्री अव्वल ठरू शकतो. आमच्याकडेही अ, ब, क गट असतात आणि गावच्या जोड्यांचा वेगळा गट असतो. पण आमचा क गटातला बैल क गटातच सुखी असतो. त्याचा मालक मात्र घरी परतल्यावर चहाच्या टपरीवर रात्री दहापर्यंत एकेक अक्षर चढत अ गटात पोचतो आणि तिथे जिंकतोही. पंचांनी झेंडी उशिरा टाकली, शेजारच्या पट्टीवरचा बैल अंगावर आला, धुरकऱ्याने कासरा आवळला. या तीन कारणांनी हरलेल्या जोड्या सोडल्या तर आमच्या तालुक्यात हरलेली जोडीच नाही. आता इलेक्ट्रॉनिक घड्याळं आली, कॅमेरे आले. सेकंदाचे तुकडे करून निकाल देतात. भांडणं कमी होतील अशी आशा होती. पण पूर्वी पंचांशी भांडावं लागे, आता पंच आणि कॅमेरा दोघांशी भांडावं लागतं.

चिली बोलची आणखी एक रीत भाच्याने सांगितली. तिथे वर्षभरात, म्हणजे त्या आठवड्यात, किती गाड्या उलटल्या याची मोजदाद ठेवतात. प्रेक्षक आकडा पाठ म्हणतात. काकाजी म्हणाले, "आमी गाडी नाई मोजत. गाडीखालचे मोजतो." आणि मग थोडं थांबून, बाजूला पाहत म्हणाले, "देवाच्या कृपेनं मागच्या सालात एकच पाय."

बैलांच्या अंगावर पूर्वी काय काय होई, हे काकाजी बोलत नाहीत, मी बोलतो. तुतारी, म्हणजे खिळ्याची काठी, टोचायची, शेपटी पिळायची, चावायचीसुद्धा. पाहणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली, तेव्हा आमच्या भागात सुतक पाळलं गेलं. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याचा दाखला, टोचणी नाही. मला विचाराल तर ही अक्कल न्यायालयाने शिकवावी लागली यात आमची शोभा नाही. बंदीच्या काळात बादलची आई की आजी काकाजींच्या कोठ्यात होती, एवढा काळ ती बंदी होती. काकाजींनी त्या वर्षांत पटाचं गोऱ्हं पाळलं नाही असं मात्र कोणी समजू नये. ते म्हणत, "हे शोभेले हाये."

त्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी पटाच्या निमित्ताने नाटक असे. दिवसा बैल आणि रात्री वडशाहून आलेली नाटक कंपनी. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या गावोगावी ही नाटकं चालतात, आणि या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्रीही मिळाली. पट बंद पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता नाटकही गेलं. नाटक कुठे जातं? ते मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, निमित्ताने होऊ लागलं. मग पट परत आला आणि नाटकाच्या निमित्ताने होऊ लागला. जावई मंडळींना वर्षातून एकदा सासरी बोलावण्यासाठी काहीतरी निमित्त लागतं. बैल असोत की नट, सासूला फरक पडत नाही. तिला स्वयंपाक तेवढाच.

टुल्साची छताखालची शर्यत पाहून भाच्याच्या डोक्यात कल्पना आली. पुण्याच्या माणसाच्या डोक्यात येतेच. तो म्हणाला, "मामा, कटंगीत इनडोअर पट का नको? राइस मिलचं गोदाम घ्या. ऊन नाही, धूळ नाही, तिकीट लावता येईल."

काकाजी ही कल्पना ऐकून इतके गंभीर झाले की मला काळजी वाटली. पहिली अडचण त्यांनी लगेच सांगितली. डिसेंबर-जानेवारीत कटंगीत एकही छप्पर रिकामं नसतं. सरकारी धानखरेदीचे हेच दिवस. गोदामं भरून पोती बाहेर आलेली असतात आणि माणसं ताडपत्र्या शोधत हिंडत असतात. टुल्साच्या इमारतीत माती भरायला जागा आहे, आमच्या इमारतीत धान भरायला नाही. दुसरी अडचण मी सांगितली, की मिजेटला ब्रेक असतो. बादलला नाही. पटात शेवटच्या रेषेच्या पुढे बरंच मोकळं रान सोडावं लागतं, कारण शर्यत संपली हे पंचांना कळतं, प्रेक्षकांना कळतं, बैलांना ते दोन बांध्या पुढे गेल्यावर कळतं. गोदामात हा प्रकार केला तर जोडी भिंत फोडून वजनकाट्यावर जाऊन उभी राहील, आणि केंद्रवाला तिथेच तिची आर्द्रता तपासून परत पाठवील.

तिसरी अडचण काकीजींनी आतून सांगितली. "छताखालीच पाहाचं असन तं घरी बसा ना."

काकीजींना पटाचा राग आहे असा आमचा बरीच वर्षं समज होता. पण अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या शंकरपटात बाया जोड्या हाकतात हे त्यांनी ऐकल्यापासून घरातलं वातावरण बदललं आहे. परवा त्या कोठ्यात उभ्या राहून तुफानला काहीतरी समजावत होत्या. त्यांच्या आवाजाला तो उठतो. बादलची गरज पडत नाही. काकाजींनी हे पाहिलं आहे आणि न पाहिल्यासारखं केलं आहे.

भाचा चार दिवसांचा पंधरा दिवस राहिला. मोहाडीकडच्या एका पटाला आमच्याबरोबर आला, निवेदकाची शायरी ऐकून खूश झाला, लाऊडस्पीकरवर हरवलेल्या जावयांची नावं ऐकून आणखी खूश झाला. तिथे मैदानाच्या कडेला त्याने लॅपटॉप उघडून कंपनीची मीटिंगही केली. मागे हलकल्लोळ ऐकून साहेबांनी विचारलं म्हणे, कुठे आहेस? तो म्हणाला, ग्राहकाच्या साइटवर.

तुम्हाला यायचं असेल तर पौष-माघात या. गोंदियाहून बालाघाट आणि तिथून कटंगी, आगगाडी आहे. पुढे कोणाच्या ना कोणाच्या गाडीत जागा मिळते. नाटकाच्या पत्रिकेवर रात्री 9 लिहिलेलं असलं तरी साडेदहाच्या आत पडदा हलत नाही आणि पहाटेपर्यंत पडत नाही, म्हणून घोंगडी आणा. कुठल्याही जोडीला मोठ्याने नावं ठेवू नका, मालक तुमच्या मागेच उभा असतो. आणि मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभं राहू नका. तिथे जागा नेहमी रिकामी दिसते, ती का रिकामी आहे हे बाकी सगळ्यांना माहीत असतं.